चित्रातली जमीन आणि जमिनीवरचे चित्र

निसर्गचित्राकडे आपण दोन प्रकारांनी पाहत आलो आहोत. पहिला प्रकार रसिकाचा: रंग, रेषा, प्रकाश, अवकाश. दुसरा प्रकार पुरावा शोधणाऱ्याचा. शहरांचे इतिहासकार आणि पर्यावरणाचे अभ्यासक जुनी चित्रे समोर ठेवून विचारतात, की येथे पाणी कोठवर येत होते, झाडी कोणती होती, वाट कोठून जात होती. या दुसऱ्या प्रकाराला विशेष धार येते ती चित्रातल्या जमिनीचे पुढे गोल्फचे मैदान झाले असेल तेव्हा. गोल्फचे मैदान हे मोठे फसवे रूपांतर आहे. जमिनीवर इमारत उभी राहिली की येथले काहीतरी गेले, हे पाहणाऱ्याच्या लक्षात येते. हिरवळ पसरली की मात्र येथे पहिल्यापासून हिरवळच असावी असे वाटू लागते. जमीन मोकळी राहते, झाडे राहतात, पक्षीही येतात. आणि तरीही त्या जमिनीचा पूर्वेतिहास सबंध झाकला जातो. अशा वेळी शंभर-दोनशे वर्षांपूर्वीचे एखादे जलरंगातले दृश्य हाच काय तो साक्षीदार उरतो, असे म्हटले जाते.

या म्हणण्याशी आम्ही अर्धेच सहमत आहोत. चित्राची साक्ष घ्यावी, परंतु ती उलटतपासणीशिवाय घेऊ नये, आणि एकटी तर मुळीच घेऊ नये. जमिनीची दुसरी साक्ष भाषेत असते: शेतांच्या नावांत, वहिवाटीच्या शब्दांत, महसुली दप्तरात. ही साक्ष तपासण्याचे काम चित्रकलेच्या इतिहासकारापेक्षा साहित्याच्या अभ्यासकाला अधिक जमण्यासारखे आहे. आणि ज्या गावाचे चित्र कोणी काढलेच नाही तेथे तर त्याच्यावाचून ते होणारच नाही. वाशिम जिल्ह्यातले शिरपूर जैन हे असे एक गाव आहे. तेथवर जाण्यापूर्वी, चित्र उपलब्ध असते तेव्हा काय घडते हे पाहू. त्यासाठी मुंबईचे उदाहरण सोयीचे आहे.

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईत आला. पुणे दरबारातल्या त्याच्या कामामुळे तो आपल्याला ठाऊक असतो. सवाई माधवराव, नाना फडणवीस, महादजी शिंदे यांची व्यक्तिचित्रे त्याने केली, आणि पुण्याच्या गंगाराम तांबट या कुशल चित्रकाराला त्याने हाताशी घेतले. लेण्यांची रेखाटने करण्याच्या खटाटोपातच ताप येऊन १७९५ साली तो वारला. त्याने मुंबई बेटाची आणि परिसराची बारा दृश्ये तयार केली होती. ती त्याच्या मृत्यूनंतर, १८०० साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. यांतले एक दृश्य महालक्ष्मी आणि वरळी यांना जोडणाऱ्या बांधाचे आहे.

या बांधाचे महत्त्व आज कळणे थोडे कठीण आहे. महालक्ष्मी आणि वरळी यांच्या मधून भरतीचे पाणी बेटाच्या पोटात शिरत असे आणि मधला सारा सखल भाग दलदलीचा होई. या खिंडाराला इंग्रज ‘ग्रेट ब्रीच’ म्हणत. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकिर्दीत तेथे बांध घातला गेला. १७८४ च्या सुमारास तो पुरा झाला आणि ‘हॉर्नबी वेलार्ड’ या नावाने ओळखला जाऊ लागला. बांध वारंवार ढासळत होता, तेव्हा पाठारे प्रभू स्थापत्यकाराला स्वप्नात देवीचा दृष्टान्त झाला, वरळीजवळच्या समुद्रातून मूर्ती वर काढल्या गेल्या आणि मगच बांध टिकला, अशी महालक्ष्मीची आख्यायिका सांगते. बांधाच्या आतली जमीन हळूहळू सुकली, भरली गेली. तिला इंग्रजीत ‘फ्लॅट्स’ असे नाव पडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या दशकांत येथे महालक्ष्मीचे रेसकोर्स उभे राहिले, आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने, भारतीयांना आणि युरोपियनांना एकत्र सभासद करून घेणारा विलिंग्डन स्पोर्ट्स क्लब निघाला. ताडदेव आणि हाजी अली यांच्या मधल्या त्याच्या आवारात अठरा खळग्यांचे गोल्फ मैदान आहे.

वेल्सने बांध पाहिला तेव्हा तो पुरा होऊन सात-आठ वर्षेच झाली होती. खिंडार नुकतेच बुजले होते, आतली जमीन अजून जमीन म्हणण्याजोगी व्हायची होती, आणि तिचे पुढे काय होणार हे कोणालाही ठाऊक नव्हते. पाणी आणि माती यांच्यातला करार ताजा असताना केलेली ही नोंद आहे. नकाशा रेषा दाखवतो. चित्र उंच-सखलपणा, आकाशाचा विस्तार, टेकड्यांची कड दाखवते. विलिंग्डनच्या हिरवळीवर उभे राहून ज्याला या जागेच्या जन्माची कल्पना करायची असेल त्याने वेल्सकडेच जावे. त्याचे ऋण मान्य करूनच पुढचे बोलायचे आहे.

या चित्रपरंपरेचा एक पक्का नियम होता. दृश्य उंचावरून किंवा दुरून घ्यायचे, पुढच्या बाजूला एखादे झाड किंवा दगड ठेवायचा, मधल्या पट्ट्यात पाणी किंवा मोकळी जमीन, आणि शेवटी निळसर डोंगर. माणसे असत, परंतु ती मुख्यतः प्रमाण कळावे म्हणून आणि देश कोणता हे समजावे म्हणून. इंग्रजीत या दृष्टीला ‘पिक्चरेस्क’ म्हणतात. आपण तिला चित्रसुलभ दृष्टी म्हणू. ही दृष्टी वाईट होती असे नाही. तिला मधला पट्टा मोकळा लागत असे, एवढेच आमचे म्हणणे आहे. भरतीच्या पाण्यात मासे धरणाऱ्यासाठी, मीठ पिकवणाऱ्यासाठी, ओहोटीच्या वेळी चिखल तुडवीत पलीकडे जाणाऱ्यासाठी मात्र तो पट्टा कधीच मोकळा नव्हता. त्याच्या लेखी तेथे खाजण होते, खार होती, खाडी होती, उतार होता. प्रत्येकाची वेगळी वेळ आणि वेगळा उपयोग होता. इंग्रजांनी या सगळ्याला एकच शब्द दिला, ‘फ्लॅट्स’. म्हणजे सपाट.

आता मुंबईच्या जुन्या नावांकडे पाहावे. उमरखाडी या नावात खाडी आहे. पायधुणी हे नाव चिखल-पाणी ओलांडून आलेल्या माणसाने पाय धुण्याच्या जागेवरून पडले, असे सांगतात. खेतवाडीत शेते आहेत, फणसवाडीत फणस आहेत. हे शब्द आज उच्चारणाऱ्या लाखो लोकांपैकी कोणालाही तेथे खाडी दिसत नाही, शेत दिसत नाही, तरी त्या गोष्टी शब्दांत आहेत. येथे दृश्य शिल्लक नाही, उपयोग मात्र शिल्लक आहे. चित्राने जागेचे रूप राखले, शब्दाने तिचे काम राखले. यांपैकी कोणतीही एक नोंद पुरी नाही. परंतु आपण चित्राला काचेमागे ठेवतो आणि शब्दाला बसच्या पाटीवर.

गोल्फच्या मैदानाचा आणि निसर्गचित्राचा संबंध ‘आधी चित्र, मग मैदान’ एवढाच असता तर हा केवळ योगायोगांचा संग्रह ठरला असता. दोघांचे नाते त्याहून जवळचे, आमच्या मते रक्ताचे आहे. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये श्रीमंत जमीनदारांनी आपल्या इस्टेटी चित्रासारख्या दिसाव्यात म्हणून घडवून घेतल्या. हळूहळू उतरत जाणारी हिरवळ, मधूनमधून झाडांचे पुंजके, वळणे घेणारे पाणी. लॅन्सलॉट ब्राउन हा या कामातला सर्वांत प्रसिद्ध कारागीर. त्याने हर्टफर्डशायरमधल्या मूर पार्कची रचना केली. रिचर्ड विल्सन या चित्रकाराने १७६० च्या दशकात मूर पार्कची दृश्ये रंगवली. आणि १९२३ साली तेथेच गोल्फ क्लब सुरू झाला. चित्रावरून जमीन, जमिनीवरून चित्र, आणि अखेर मैदान. गोल्फ मूळचा स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील वाळूच्या, मेंढ्यांनी चरलेल्या माळांचा खेळ. तो आतल्या प्रदेशात आला तेव्हा जमीनदारी बागेची ही घडण त्याला आयतीच मिळाली. आज दुबईपासून पुण्यापर्यंत कोठेही मैदान आखताना तीच उतरती हिरवळ, तेच पुंजके, तेच वळणदार तळे येते. गोल्फचे मैदान हे जमिनीवर पसरलेले निसर्गचित्रच आहे. फक्त त्याला रोज पाणी घालावे लागते.

हे लक्षात घेतले की मैदान झालेल्या जमिनीचे जुने चित्र वेगळे दिसू लागते. ते हरवलेल्या जमिनीचा साक्षीदार आहे हे खरे, परंतु हरवण्याच्या प्रक्रियेतला तो पहिला टप्पाही असू शकतो. जमीन आधी डोळ्यांनी रिकामी करावी लागते, मग दस्ताने, मग कुंपणाने.

याचे ठळक उदाहरण अमेरिकेत आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर शिन्नेकॉक नावाचे मूळनिवासी लोक राहतात. तेथल्या टेकड्या त्यांनी १७०३ च्या कराराने हजार वर्षांच्या पट्ट्यावर धरल्या होत्या. १८५९ साली तो पट्टा मोडीत निघाला आणि टेकड्या त्यांच्या हातून गेल्या. १८९१ साली त्याच टेकड्यांवर दोन गोष्टी सुरू झाल्या. विल्यम मेरिट चेस या नामवंत चित्रकाराने उघड्यावर चित्रे काढायला शिकवणारी उन्हाळी शाळा काढली. ती १९०२ पर्यंत चालली. आणि शिन्नेकॉक हिल्स गोल्फ क्लब स्थापन झाला. मैदान घडवण्याच्या मजुरीला शिन्नेकॉक लोकच होते. आपल्या पूर्वजांची दफनस्थाने त्या मैदानाखाली गेली, असे ते लोक आजही सांगतात. चेसची त्या काळातली चित्रे अतिशय सुंदर आहेत. वाळूच्या वाटा, खुरटी झुडपे, मोठे आकाश, पांढऱ्या पोशाखातल्या स्त्रिया आणि मुले. झुडपांची नोंद म्हणून ती अचूक असतील. टेकड्या कोणाच्या होत्या, याबद्दल ती मूक आहेत. मैदान आणि चित्र यांनी एकाच वर्षी, एकाच जमिनीवर, एकाच नजरेने काम सुरू केले होते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. चित्रकार हा तलाठी नव्हे. त्याने उजेड पाहावा, आकार पाहावा; मालकी आणि वहिवाट पाहण्याची सक्ती त्याच्यावर का करावी? आम्ही तशी सक्ती करीत नाही. आमची तक्रार चित्रकाराबद्दल नसून वाचणाऱ्याबद्दल आहे. चित्राला ‘नोंद’ हा शब्द आपण लावतो, तेव्हा नोंदीला जे प्रश्न विचारायचे असतात ते विचारण्याची जबाबदारी आपली होते: ही नोंद कोणी केली, कोठे उभे राहून केली, कोणासाठी केली, आणि काय गाळले? शिवाय सर्व चित्रकार एकाच जागी उभे नसतात. कोल्हापूरचे आबालाल रहिमान मुंबईच्या कलाशाळेत शिकून आपल्या गावी परतले आणि १९३१ साली मृत्यू येईपर्यंत कोटितीर्थ, रंकाळा यांच्याच परिसरात रमले. एकच पाणी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ऋतूंत पाहणाऱ्या माणसाची ती चित्रे आहेत. राहणाऱ्याचे चित्र आणि पाहून जाणाऱ्याचे चित्र यांत फरक पडतो, आणि तो कौशल्याचा नसून मुक्कामाचा असतो. तरीही, आबालालांच्या चित्रालाही त्या तळ्यावर कोणाची गुरे पाण्याला येत, हे सगळे सांगता येणार नाही. ते शब्दालाच सांगावे लागेल.

शब्द किती चिवट असतो याचे एक गमतीचे, उलट्या दिशेचे उदाहरण नाशिकला आहे. तेथे इंग्रजी अमदानीत गोल्फ खेळला जाई. पुढे तो खेळ त्या जागेवरून गेला, क्रिकेट आले, सकाळी फिरायला येणारे आले. मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव दिले गेले. १९०९ साली कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या तरुणाचे नाव साहेबांच्या खेळाच्या जागेला मिळावे, यात इतिहासाचा न्यायही आहे. तरी नाशिककर बोलताना ‘गोल्फ क्लब मैदान’ असेच म्हणतो. तेथे गोल्फ नाही, क्लब नाही; शब्द आहे. जमिनीच्या एका मधल्या आयुष्याची नोंद रिक्षावाल्यांनी आणि शाळकरी मुलांनी, कोणाच्याही आज्ञेवाचून, जपून ठेवली आहे.

आणि शब्दाची साक्ष ही केवळ स्मरणरंजनाची बाब नाही, हे गोव्याच्या उत्तर टोकाला तेरेखोलने दाखवून दिले. २०१४ च्या सुमारास तेथे गोल्फ मैदानासह मोठ्या पर्यटन प्रकल्पाला गावातल्या कुळांनी कडाडून विरोध केला. लढा कशावर होता? दृश्य किती सुंदर आहे यावर नव्हता. काजूची झाडे कोणी लावली, जमीन कोण कसत आले, कूळ म्हणून नाव कोठे लागले आहे, यावर होता. तेरेखोलचा किल्ला आणि नदीचे मुख यांची छायाचित्रे हवी तेवढी मिळतील. कुळाच्या बाजूने त्यांतले एकही बोलत नाही. ‘कूळ’ हा एक शब्द बोलतो.

आता शिरपूर जैन. वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातले हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मूर्तीमुळे देशभरच्या जैनांना परिचित आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये गावाची छोटी नोंद आहे. तीत देवळाला, त्यातल्या शिलालेखाला आणि एलिचपूरच्या राजाच्या आख्यायिकेला जागा मिळाली आहे. देवळाबद्दल दिगंबर आणि श्वेतांबर पंथांमध्ये चाललेला वाद १९२९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. पुढे मंदिर चार दशकांहून अधिक काळ कुलुपात राहिले आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडले. म्हणजे या गावातल्या एका मूर्तीविषयी शिलालेखापासून न्यायनिर्णयापर्यंत कागदांची रास आहे. त्या वादात शिरण्याचे आम्हांला कारण नाही. मूर्ती ज्या शिवारात उभी आहे त्या शिवाराची नोंद मात्र कोठे आहे, एवढेच आम्ही विचारतो.

चित्रात ती नाही. वेल्स, डॅनिएल आणि त्यांच्या मागून आलेल्या हौशी इंग्रज अधिकाऱ्यांच्या पसंतीचा मुलूख घाटांचा, किल्ल्यांचा, लेण्यांचा, बंदरांचा होता. वऱ्हाडची काळी, कपाशीची, दूरवर पसरलेली जमीन चित्रसुलभ दृष्टीच्या चौकटीत बसत नाही. पुढे झाड नाही, मागे डोंगर नाही, मधे पाणी नाही. आहे ती मधल्या पट्ट्याचीच जमीन, क्षितिजापर्यंत. इंग्रजांनी वऱ्हाडाकडे १८५३ नंतर बारकाईने पाहिले ते कापूस आणि शेतसारा यांसाठी. म्हणून या भागाची निसर्गचित्रे दुर्मीळ आणि भूमापनाची दप्तरे विपुल, अशी स्थिती आहे.

ही दप्तरे साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा तरी साहित्य म्हणून वाचावीत. सातबारा सर्वांना माहीत असतो. विदर्भात त्याखेरीज दोन दस्त आहेत, ज्यांची नावेच वेगळ्या परंपरेतून आली आहेत: निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही (१९६६) विदर्भापुरत्या या तरतुदी कायम आहेत. निस्तारपत्रकात गावातल्या बिनकब्जाच्या जमिनीचा उपयोग लिहायचा असतो: गुरे कोठे चरतील, सरपण कोठून आणायचे, माती-मुरूम कोठून घ्यायचा, मसणवट कोठे. वाजिब-उल-अर्जमध्ये गावाच्या रूढी लिहायच्या असतात: पाण्याचा हक्क, जाण्यायेण्याची वाट, मासेमारी. पाहून जाणाऱ्या डोळ्याला जी जागा ‘रिकामी’ दिसते, तिच्यावर किती माणसांचे किती हात आहेत याची ही यादी आहे. निसर्गचित्राचा मधला पट्टा आणि निस्तारपत्रकाचा विषय एकच आहे. चित्राने जे रिकामे रंगवले असते ते निस्तारपत्रकाने भरून काढले असते.

परंतु दप्तरालाही स्वतःची नजर असते, हे विसरून चालणार नाही. वऱ्हाडात गावच्या चराऊ जमिनीला आजही ‘ई-क्लास’ म्हणतात. वर्गवारीचे एक अक्षर शेतकऱ्याच्या तोंडी इतके रुळले, की तो शब्द आता मराठीच झाला आहे. मुंबईच्या ‘फ्लॅट्स’सारखाच हाही सपाटीकरणाचा शब्द आहे. त्याच्या खाली दडलेले बोलीतले शब्द पाहावेत: वावर, धुरा, पांदण, बरड, लवण, आखर. धुरा म्हणजे नुसता बांध नव्हे. दोन घरांच्या भांडणाची आणि सोयरिकीची ती रेषा असते. पांदण म्हणजे नुसता शेतरस्ता नव्हे. पावसाळ्यात बैलगाडी कोणाच्या वावरातून वळवायची, याचा अलिखित करार तीत असतो. आणि याही खाली प्रत्येक शेताचे स्वतःचे नाव असते. एखाद्या झाडावरून, विहिरीवरून, आजीला माहेरकडून मिळाल्यावरून, कधी काळी घडलेल्या एखाद्या प्रसंगावरून पडलेले. गट नंबर आल्यावर ही नावे कागदावरून गेली. ती फक्त जिभेवर राहिली.

ती जिभेवरूनही चालली आहेत. ज्वारी-कपाशी मागे पडून सोयाबीन आले, तेव्हा पीक बदलले आणि त्याबरोबर कामाचे शब्दही बदलले. समृद्धी महामार्ग वाशिम जिल्ह्यातून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. सातशे एक किलोमीटरच्या या रस्त्यालगत नवनगरे वसवण्याची योजनाही आहे. रस्ता नको असे आम्ही म्हणत नाही. वऱ्हाडच्या माणसाला मुंबई जवळ आली याचा आनंद कोणालाही होईल. शिरपूरच्या शिवारात उद्या गोल्फचे मैदान येईल, अशी भीतीही आम्ही घालत नाही. परंतु असा रस्ता आला की जमिनीचा भाव बदलतो, भाव बदलला की नजर बदलते, आणि नजर बदलली की बरड, लवण, आखर हे सारे एका शब्दात जमा होते: प्लॉट. हाही मधल्या पट्ट्याचाच शब्द आहे. मुंबईच्या खाजणाला निदान वेल्सचे एक चित्र मिळाले. शिरपूरच्या शिवाराला तेही मिळालेले नाही.

म्हणून आमची सूचना साहित्याच्या विभागांना आहे, आणि ती अगदी साधी आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ‘अमुक कादंबरीतील निसर्गचित्रण’ या विषयावर आपण वर्षानुवर्षे प्रबंधिका लिहायला लावतो. त्यांतल्या निम्म्यांना एकेका गावाचे शिवार द्यावे. त्यांनी तलाठ्याकडचा गावनकाशा घ्यावा, निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांच्या नकला मागाव्यात, आणि मग साठी ओलांडलेल्या पुरुषांबरोबर आणि, मुख्यतः, स्त्रियांबरोबर शिवार फिरावे. निंदण-वेचणीला रोज वावरात जाणाऱ्या बाईला जी नावे माहीत असतात ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या पुरुषाला पुष्कळदा नसतात. प्रत्येक गटापुढे बोलीतले नाव, ते कसे पडले याची हकीकत, आणि सांगणाऱ्याची शब्दयोजना जशीच्या तशी लिहावी. प्रमाण मराठीत तिचे भाषांतर करू नये. गावात कोणी चित्र काढणारा मुलगा-मुलगी असेल तर त्यालाही बरोबर घ्यावे. पाहणारा आणि राहणारा एकाच माणसात भेटला तर फारच उत्तम.

हे काम साहित्याचे नव्हे, समाजशास्त्राचे आहे, असे काही प्राध्यापक म्हणतील. त्यांना आम्ही उद्धव शेळके यांची ‘धग’ आठवायला सांगू. १९६० साली आलेल्या त्या कादंबरीने वऱ्हाडी बोलीला मराठी साहित्यात जो मान मिळवून दिला, तो बोली कोणी कानांनी जपून ठेवली होती म्हणूनच शक्य झाला. बोली ही जमिनीवर उगवते, आणि ज्या गोष्टींसाठी ती उगवली त्या गेल्या की शब्द काही काळ नुसते उभे राहतात आणि मग आडवे होतात. उद्याच्या कादंबरीकाराला ‘लवण’ हा शब्द लागला, तर तो कोणाकडून घेणार? शब्दकोशात त्याला अर्थ मिळेल. कोणत्या लवणात पहिल्या पावसाचे पाणी किती दिवस थांबते, हे मिळणार नाही.

शिरपूरची आख्यायिका अशी, की एल राजा ती मूर्ती घेऊन चालला असता त्याने मागे वळून पाहिले, आणि मूर्ती तेथेच, जमिनीपासून अधांतरी थांबली. जुन्या निसर्गचित्रांतल्या जमिनीची गत काहीशी अशीच आहे. ज्या क्षणी कोणी पाहिले त्या क्षणी ती थांबली, सुंदर झाली, आणि मातीपासून बोटभर सुटली. ते बोटभर अंतर भरून काढायचे असेल तर त्या मातीत राबणाऱ्यांनी दिलेली नावे हाताशी हवीत. मुंबईच्या खाजणाबाबत आपण फार उशिरा जागे झालो. वाशिमच्या शिवारात मात्र ती नावे सांगणारी माणसे अजून आहेत, आणि पुढचे शैक्षणिक वर्ष सुरू व्हायला काही महिनेच आहेत.